काचबिंदू आणि पडद्याच्या थरांमधली फट : ओसीटी रिपोर्ट कसा समजून घ्यावा

काचबिंदूसाठी (ग्लॉकोमा) तुमची किंवा घरातल्या कोणाची तपासणी नियमित सुरू असते. ड्रॉप्स वेळेवर चालू असतात. आणि एखाद्या भेटीत ओसीटी रिपोर्टवर नवाच शब्द दिसतो, 'पेरिपॅपिलरी रेटिनोस्किसिस'. डॉक्टर सांगतात, "नसेजवळ पडद्याचे थर थोडे सुटलेले दिसतात. घाबरू नका, लक्ष ठेवू या." घरी पोहोचेपर्यंत मात्र 'पडदा' आणि 'सुटला' एवढे दोनच शब्द लक्षात राहतात, आणि पडदा सरकलेल्या एखाद्या नातेवाइकाची आठवण होऊन झोप उडते.

दुसऱ्या टोकाचे रुग्णही असतात. त्याच रिपोर्टवर त्यांना नसेच्या थराची जाडी मागच्या वेळेपेक्षा वाढलेली दिसते, लाल खूण जाऊन तिथे हिरवी आलेली असते. "नस सुधारली" असे समजून ते ड्रॉप्स बंद करतात.

दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दुसरा जास्त धोक्याचा आहे. हा लेख त्यासाठीच आहे.

थोडक्यात

- थर सुटणे म्हणजे पडदा सरकणे नव्हे. हे दोन वेगळे विकार आहेत.
- काचबिंदूच्या काही मोजक्या रुग्णांत नसेभोवती असे थर सुटतात. बहुतेकांना त्याचा काही त्रास जाणवत नाही आणि अनेकांत ते काही महिन्यांनी आपोआप मिटते.
- थर सुटलेले असताना ओसीटीचा आकडा खोटा वाढतो, मिटल्यावर तो एकदम घसरतो. म्हणून एकट्या आकड्यावरून आनंद किंवा घबराट, दोन्ही नको.
- काचबिंदूचे ड्रॉप्स आपल्या मनाने बंद करू नयेत.
- फट नजरेच्या मध्यबिंदूपर्यंत पोहोचली तर मात्र नजर कमी होऊ शकते. तेव्हा उपचाराचा वेगळा विचार करावा लागतो.

पडदा, थर आणि नस

डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला प्रकाश टिपणारे नाजूक पटल असते. त्याला आपण 'पडदा' म्हणतो. शास्त्रीय नाव दृष्टिपटल किंवा रेटिना. त्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर, पण तेवढ्यात दहा थर असतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशी बाहेरच्या बाजूला, म्हणजे डोळ्याच्या भिंतीकडे असतात. सर्वांत आतल्या बाजूला, डोळ्यातल्या पारदर्शक जेलीला लागून, मज्जातंतूंचा थर असतो. हे साधारण दहा-बारा लाख तंतू पडद्यावरून सरकत एका गोल जागी गोळा होतात आणि तिथून जुडीसारखे एकत्र होऊन मेंदूकडे जातात. ती जुडी म्हणजे डोळ्याची नस (ऑप्टिक नर्व्ह), आणि ती गोल जागा म्हणजे नसेचे तोंड (ऑप्टिक डिस्क).

नसेच्या तोंडाशी एक बारीक चाळणी असते. सगळे तंतू तिच्या भोकांमधून बाहेर पडतात. काचबिंदूत डोळ्यातल्या दाबाचा ताण या चाळणीवर येतो, ती मागे वाकते आणि तंतू हळूहळू मरत जातात. मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे रिपोर्ट वाचताना त्याचा उपयोग होणार आहे.

थर सुटणे म्हणजे नेमके काय?

घडीची पोळी डोळ्यांसमोर आणा. चांगली पोळी फुगली की तिचे पदर एकमेकांपासून सुटतात, पण पोळी तव्यावरच असते. रेटिनोस्किसिसमध्ये असेच होते. पडदा आपल्या जागी, डोळ्याच्या भिंतीला चिकटलेला असतो, फक्त त्याच्या आतल्या थरांमध्ये फट पडून तिथे द्रव साठतो. फटीच्या दोन्ही बाजू बारीक धाग्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. ओसीटीच्या चित्रात हे धागे पुलाच्या खांबांसारखे उभे दिसतात.

पडदा सरकणे (रेटिनल डिटॅचमेंट) म्हणजे अख्खी पोळीच तव्यावरून उचलली जाणे. प्रकाश टिपणाऱ्या पेशी आपल्या खालच्या थरापासून वेगळ्या होतात, त्यांचे पोषण तुटते आणि बहुतेक वेळा तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. थर सुटण्यात तशी घाई सहसा नसते.

काचबिंदूच्या रुग्णांत ही फट बहुधा नसेच्या तोंडाला लागून पडते. म्हणून तिला 'पेरिपॅपिलरी', म्हणजे नसेच्या तोंडाभोवतीची, म्हणतात. ती बहुतेक वेळा मज्जातंतूंच्या थरात असते, कधी त्याच्या खालच्या थरांतही जाते. बरेचदा ती अशा जागी दिसते जिथे काचबिंदूने आधीच तंतू विरळ केलेले असतात.

हे का होते?

यामागे मुख्यतः दोन गोष्टी असाव्यात असे मानले जाते. प्रत्येक रुग्णात त्यांचा वाटा वेगळा असू शकतो.

पहिली, जेलीची ओढ. वय वाढते तशी डोळ्यातली जेली (व्हिट्रियस) पातळ होते, आक्रसते आणि पडद्यापासून सुटू लागते. नसेच्या तोंडाशी तिची पकड घट्ट असते. तिथला मज्जातंतूंचा थर काचबिंदूमुळे आधीच विरळ झालेला असेल, तर त्या ओढीने त्याचे पदर सुटू शकतात.

दुसरी, द्रवाची वाट. काचबिंदूत चाळणी वाकते तेव्हा कधी तिच्या कडेला बारीक छिद्रे किंवा चिरा पडतात. डोळ्यातला दाब जास्त असला किंवा वरखाली होत राहिला, तर त्या छिद्रांच्या आसपासच्या ऊतींतून द्रव पडद्याच्या थरांमध्ये शिरू शकतो. काही रुग्णांत दाब नीट कमी केल्यावर फट मिटलेली दिसते. ही गोष्ट या दुसऱ्या कारणाला दुजोरा देते.

यातून व्यवहाराचा एक मुद्दा निघतो. थर सुटलेले दिसले की डॉक्टर तुमचा दाब, ड्रॉप्सची नियमितता आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी (फील्ड टेस्ट) पुन्हा बारकाईने पाहतील. आटोक्यात वाटणारा दाब दिवसभर तसाच राहतो का, हेही कधी वेगवेगळ्या वेळी मोजून तपासले जाते.

रुग्णाला काय जाणवते?

बहुतेकांना काहीच जाणवत नाही. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, नजरही तेवढीच राहते. बहुतांश रुग्णांत ही गोष्ट नेहमीच्या ओसीटीत योगायोगाने सापडते.

त्रास होतो तो फट नसेपासून सरकत पडद्याच्या मध्यबिंदूपर्यंत (मॅक्युला) गेली तर, किंवा त्या भागाखाली पाणी साठले तर. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही कामे मॅक्युलाची. तिथे फट पोहोचली की मधली नजर धूसर होते, अक्षरे वाकडी दिसतात, दाराची चौकट लाटेसारखी भासते. काचबिंदू एरवी बाजूची नजर आधी खातो आणि मधली शेवटपर्यंत राखतो. म्हणून काचबिंदूच्या रुग्णाची मधली नजर थोड्या दिवसांत बदलली, तर "काचबिंदूच वाढला असेल" म्हणून गप्प बसू नये. त्यामागे वेगळे कारण असू शकते आणि ते शोधावे लागते.

ओसीटीत काय दिसते आणि आकडा का फसवतो

ओसीटी ही डोळ्याला हात न लावता, प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याचा उभा छेद दाखवणारी तपासणी आहे. हे तंत्र १९९१ साली जगासमोर आले. त्याआधी पडद्याच्या आतले थर जिवंत डोळ्यात इतके स्पष्ट पाहण्याची सोय नव्हती, त्यामुळे अशा बारीक फटी नजरेतून निसटत. आज त्या जास्त सापडतात याचे एक कारण हेच.

काचबिंदूच्या ओसीटीत यंत्र नसेच्या तोंडाभोवती एक वर्तुळ घेते आणि मज्जातंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. निरोगी प्रौढांत या थराची सरासरी साधारण ९० ते १०० मायक्रॉनच्या आसपास असते. मग यंत्र तुमचा आकडा तुमच्या वयाच्या निरोगी लोकांशी ताडून पाहते आणि हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देते.

हे मोजमाप एका साध्या कृतीवर उभे आहे. संगणक चित्रात दोन रेषा आखतो, एक थराच्या वरच्या कडेवर आणि एक खालच्या कडेवर, आणि त्यांच्यातले अंतर म्हणजे जाडी. मधे फट पडून पाणी साठले असेल तर तो ती पोकळीही जाडीत धरतो. कधी खालची रेषा भलतीकडेच आखतो. पोळीचे पदर सुटले म्हणून पोळीतली कणीक वाढत नाही, पण पट्टीने उंची मोजणाऱ्याला पोळी जाड झालेली वाटते. तसेच हे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.

- पहिली भेट : सरासरी जाडी ७२ मायक्रॉन. काचबिंदूने थर पातळ झालेला.
- एक वर्षाने : ८४ मायक्रॉन. लाल भाग हिरवा झाला.
- आणखी एक वर्षाने : ६९ मायक्रॉन. पुन्हा लाल.

फक्त आकडे वाचले तर वाटेल की पहिल्या वर्षी नस सुधारली आणि दुसऱ्या वर्षी १५ मायक्रॉन एकदम गेले. प्रत्यक्षात दुसऱ्या भेटीत थर सुटलेले होते आणि तिसऱ्या भेटीपर्यंत ते मिटले. खरी तुलना करायची ती पहिल्या आणि तिसऱ्या भेटीची, ७२ आणि ६९ ची. त्याच डोळ्याची त्याच यंत्रावर पुन्हा तपासणी केली तरी सरासरीत ४-५ मायक्रॉनचा फरक पडू शकतो. म्हणजे या उदाहरणात काचबिंदू वेगाने वाढला असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. वाढलाच नाही, असेही नाही. ते ठरवायला बाकीच्या तपासण्या लागतात.

आता या तिघांपैकी मधल्या रिपोर्टच्या वेळी रुग्णाने ड्रॉप्स सोडले असते तर? आकडा ८४ दिसत असताना दाब वाढत राहिला असता, तंतू मरत राहिले असते आणि फटीने ते झाकून ठेवले असते. फट मिटल्यावर नुकसान उघडे पडले असते, पण तोवर गेलेली नजर परत मिळाली नसती.

म्हणून नियम सोपा ठेवा. काचबिंदूत मज्जातंतूंच्या थराची जाडी खरोखर वाढत नाही. आकडा वाढलेला दिसला तर तो सुधारणेचा पुरावा मानू नका, कारण विचारा. थर सुटले आहेत का? नसेला सूज आहे का? मागच्या वेळी चित्र नीट आले नव्हते का? यंत्र बदलले का? ही चार कारणे आधी तपासायची असतात.

फट असेपर्यंत डॉक्टर दृष्टिक्षेत्राची तपासणी, डोळ्याचा दाब, नसेच्या तोंडाचे प्रत्यक्ष निरीक्षण आणि जिथे थर सुटलेले नाहीत त्या भागाची जाडी, यांवर जास्त भर देतात. मॅक्युलाला फट लागलेली नसेल तर तिथल्या पेशींच्या थराची ओसीटीही उपयोगी पडते.

असेच दिसणारे दुसरे विकार

पडद्यात पोकळी किंवा पाणी दिसले म्हणजे ते काचबिंदूमुळेच आहे असे नाही. डॉक्टर पुढील शक्यता तपासतात.

- नसेच्या तोंडातला जन्मजात खळगा (ऑप्टिक डिस्क पिट). यातूनही द्रव शिरून मॅक्युलापर्यंत थर सुटतात. काचबिंदूतली नसेची खोबण आणि हा खळगा यांतला फरक कधी कधी अनुभवी डोळ्यालाही अवघड जातो.
- मॅक्युलाची सूज. मधुमेह, मोतीबिंदूचे ऑपरेशन, डोळ्याच्या आतला दाह अशा कारणांनी रक्तवाहिन्यांतून पाझर होऊन ती येते. काचबिंदूच्या प्रोस्टाग्लँडिन गटातील ड्रॉप्समुळेही (उदाहरणार्थ लॅटॅनोप्रॉस्ट) काही रुग्णांत, विशेषतः मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर, अशी सूज येऊ शकते.
- मोठा मायनस नंबर. अशा डोळ्याची लांबी वाढलेली असते. ताणलेल्या पडद्याचे मॅक्युलापाशी थर सुटू शकतात.
- जन्मजात रेटिनोस्किसिस. हा आनुवंशिक आजार मुख्यतः मुलग्यांत, लहानपणीच दिसतो.
- वयपरत्वे येणारा प्रकार. हा पडद्याच्या कडेला असतो, नसेजवळ नाही.

पाझर आणि फट यांतला फरक कळायला कधी फ्लोरेसिन अँजिओग्राफी करतात. हातातल्या शिरेत रंगद्रव्य देऊन डोळ्याचे फोटो काढले जातात. सुजेत रंग पाझरताना दिसतो, काचबिंदूच्या फटीत सहसा पाझरत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सुजेवर दिली जाणारी डोळ्यातली इंजेक्शने फटीवर लागू पडतीलच असे नाही. त्यातली स्टिरॉइडची इंजेक्शने तर काचबिंदूच्या रुग्णाचा दाब वाढवू शकतात. इंजेक्शनचा सल्ला मिळाला तर "हा पाझर आहे की थर सुटलेले आहेत?" हा प्रश्न निःसंकोच विचारा, आणि तुम्हाला काचबिंदू आहे हे पडद्याच्या डॉक्टरांना न विसरता सांगा.

उपचार

१. लक्ष ठेवणे. फट नसेभोवतीच असेल आणि नजर चांगली असेल तर बहुतेक वेळा एवढेच करतात. साधारण तीन ते सहा महिन्यांनी ओसीटी होते आणि त्यात नसेबरोबर मॅक्युलाचेही चित्र घेतले जाते. "काहीच उपचार दिला नाही" असे वाटून डॉक्टर बदलण्याची गरज नाही. अनेक फटी काही महिन्यांत, काही वर्षा-दोन वर्षांत मिटतात. एकदा मिटलेली फट त्याच जागी पुन्हाही येऊ शकते. म्हणून मिटल्यावरही तपासणी सोडायची नाही.

२. दाब नीट आटोक्यात आणणे. काचबिंदूचा उपचार तर चालू राहतोच. दाब अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर ड्रॉप वाढवणे किंवा बदलणे, लेझर, किंवा गरज पडल्यास काचबिंदूची शस्त्रक्रिया यांचा विचार होतो. उद्देश मुळात नस वाचवणे हा असतो. त्यात फट मिटली तर तो दुहेरी फायदा.

३. पडद्याची शस्त्रक्रिया. फट मॅक्युलापर्यंत गेली, नजर कमी होत चालली आणि वाट पाहूनही सुधारणा नाही, अशा थोड्या रुग्णांत व्हिट्रेक्टमी करतात. त्यात डोळ्यातली जेली काढून ओढ नाहीशी केली जाते; काही वेळा नसेच्या कडेला लेझर देतात किंवा डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. याला धोकेही आहेत. मोतीबिंदू लवकर वाढतो, मॅक्युलाला छिद्र पडू शकते, आणि आधीच अशक्त झालेली काचबिंदूची नस दाबाचे चढउतार सहन करू शकत नाही. म्हणून हा निर्णय काचबिंदूचे आणि पडद्याचे डॉक्टर मिळून घेतात. डोळ्यात वायू असेपर्यंत विमानप्रवास टाळावा लागतो आणि उंच घाटाचा प्रवासही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, कारण उंचीवर वायू फुगतो आणि डोळ्यातला दाब धोकादायक वाढतो.

तुम्ही घरी काय कराल?

रिपोर्टची फाइल सांभाळा. वरच्या उदाहरणात खरा अर्थ लागला तो पहिल्या रिपोर्टमुळे. जुना रिपोर्ट नसता तर ८४ वरून ६९ एवढेच दिसले असते. ओसीटी, फील्ड टेस्ट आणि दाबाच्या नोंदी तारखेप्रमाणे लावून ठेवा, प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि डॉक्टर बदलताना फाइल बरोबर न्या.

शक्य तोवर एकाच यंत्रावर तपासणी करा. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे जाडी थोड्या वेगळ्या पद्धतीने मोजतात. एका यंत्राचा ८० आणि दुसऱ्याचा ८० हे एकच असतील असे नाही.

ड्रॉप्स नीट घाला. मान मागे करून खालची पापणी किंचित ओढा, एकच थेंब टाका, डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर एक-दोन मिनिटे बोटाने हलके दाबून धरा. दोन वेगळ्या औषधांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवा. तपासणीच्या दिवशीही ड्रॉप्स घालूनच जा, डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तरच थांबा. चार दिवस थेंब चुकले असतील तर तसे सांगा. लपवलेत तर औषध निकामी आहे असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

एकेक डोळा तपासा. आठवड्यातून एकदा, वाचण्याचा चष्मा लावून, एक डोळा झाकून दुसऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी पाहा. रेषा सरळ दिसतात का? एखादी चौकट गायब किंवा वाकडी वाटते का? मग डोळा बदला. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याचे दोष झाकतो, म्हणून एकेकच पाहायचा.

दाब वाढवणाऱ्या गोष्टी टाळा. डोळे लाल झाले, खाजले म्हणून दुकानातून परस्पर आणलेल्या ड्रॉप्समध्ये स्टिरॉइड असू शकते, आणि त्याने अनेकांचा दाब वाढतो. दम्याचा पंप, त्वचेची मलमे, सांधेदुखीच्या गोळ्या यांतही स्टिरॉइड असते. ती बंद करू नका, पण डोळ्याच्या डॉक्टरांना सांगा. योगासने जरूर करा, मात्र शीर्षासन नको. डोके खाली असताना डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होऊ शकतो.

पुढच्या भेटीत विचारायचे प्रश्न

- फट फक्त नसेभोवती आहे की मॅक्युलाकडे गेली आहे?
- तिची जागा आणि काचबिंदूने पातळ झालेला भाग एकच आहेत का?
- माझ्या डोळ्यासाठी दाब किती असायला हवा आणि सध्या तो किती आहे?
- या रिपोर्टमधला जाडीचा आकडा तुलनेसाठी धरायचा की सोडून द्यायचा?
- पुढची ओसीटी आणि फील्ड टेस्ट कधी?

लगेच डॉक्टरांकडे कधी जावे?

पुढीलपैकी काही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

- डोळ्यासमोर एकाएकी पुष्कळ काळे ठिपके किंवा जाळी, विजेसारखे चमकणे, एका बाजूने पडदा ओढल्यासारखा अंधार. हे पडदा सरकल्याचे लक्षण असू शकते. त्याच दिवशी दाखवा.
- डोळा आणि कपाळ जोरात दुखणे, लाली, दिव्याभोवती रंगीत वलये, उलटी. दाब एकदम वाढल्याची ही लक्षणे आहेत. रात्र असली तरी रुग्णालय गाठा.
- मधली नजर अचानक धूसर होणे किंवा सरळ रेषा वाकड्या दिसू लागणे. एक-दोन दिवसांत दाखवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोबाइल, टीव्ही किंवा जास्त वाचनामुळे थर सुटतात का?
नाही. वाचन, शिवणकाम, टीव्ही सारे चालू ठेवा.

ड्रॉप्समुळेच हे झाले असेल का?
काचबिंदूतल्या या फटीचे कारण ड्रॉप्स मानले जात नाहीत. ड्रॉप्सने क्वचित येणारी मॅक्युलाची सूज हा वेगळा विकार आहे. शंका असेल तर डॉक्टर ड्रॉप बदलतील. तुम्ही स्वतः बंद करू नका.

आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले आहे. ते पुढे ढकलावे का?
बहुतेक वेळा गरज नसते. पण ऑपरेशनआधी मॅक्युलाची ओसीटी करून घ्यावी आणि फटीची माहिती सर्जनना द्यावी. नाहीतर नंतर अपेक्षेइतके स्पष्ट दिसले नाही तर दोष ऑपरेशनचा की पडद्याचा, हे कळत नाही.

दुसऱ्या डोळ्यातही होईल का?
होऊ शकते, पण होईलच असे नाही. म्हणून दर वेळी दोन्ही डोळ्यांची ओसीटी करतात.

मुलांना तपासायला हवे का?
या फटीसाठी नाही, काचबिंदूसाठी मात्र हवे. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर धोका वाढतो. चाळिशीनंतर, किंवा डॉक्टरांनी सांगितले तर त्याआधीही, सख्ख्या नातेवाइकांनी डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्यावी. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे.

शेवटी

रिपोर्टवर 'रेटिनोस्किसिस' दिसले तर आधी मॅक्युला सुरक्षित आहे का ते विचारा. तो सुरक्षित असेल तर फटीला वेळ द्या आणि काचबिंदूच्या उपचारात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नका. हिरव्या रंगाने हुरळून जाऊ नका, पुढच्या वेळी आलेल्या लाल रंगाने खचू नका. फाइलमधली आधीची पाने बरोबर न्या आणि तीनही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून डॉक्टरांकडून समजून घ्या.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या डोळ्याबद्दलचा निर्णय तुमच्या नेत्रतज्ज्ञांच्या प्रत्यक्ष तपासणीनंतरच घ्यावा.*